गुप्तधनाचा नाद आणि गलाईची भट्टी : १९४८ चा एक हॉलिवूडपट सांगली-साताऱ्याला इतका जवळचा का वाटतो?

तापलेला डोंगर, घशाला कोरड, पाठीवर सोन्याच्या पिशव्या आणि शेजारी झोपलेल्या माणसावर संशय. हॉलिवूडच्या वेस्टर्न सिनेमांनी ही गोष्ट कितीतरी वेळा सांगितली. आपल्याकडे यातला सगळ्यात गाजलेला सिनेमा म्हणजे १९६९ चा ‘मॅकेनाज गोल्ड’. ग्रेगरी पेक आणि ओमर शरीफ यांचा हा सिनेमा आपल्या आधीच्या पिढीने थिएटरात पुन्हा पुन्हा जाऊन पाहिला. पण लोभ माणसाचं काय करतो, हे सगळ्यात नेमकं दाखवलं ते त्याच्या २१ वर्षं आधी आलेल्या ‘द ट्रेझर ऑफ द सिएरा माद्रे’ या सिनेमाने.

आता तुम्ही म्हणाल, मेक्सिकोतल्या डोंगराचा आणि आपल्या सांगली-साताऱ्याचा काय संबंध?

संबंध आहे, आणि तोही दोन बाजूंनी. जून २०२२ मध्ये सांगली जिल्ह्यात एकाच कुटुंबातल्या नऊ जणांचा जीव गेला आणि तपास शेवटी गुप्तधनाच्या आमिषापर्यंत पोहोचला. ही एक बाजू. दुसरी बाजू अशी की, याच दोन जिल्ह्यांच्या दुष्काळी पट्ट्यातली माणसं काही पिढ्यांपासून देशभर जाऊन सोनं गाळायचं काम करतात. या माणसांना सोनं खरोखर सापडतं, तेही मातीत.

या दोन्ही गोष्टी शेजारी ठेवल्या की ७५ वर्षांहून जुन्या या सिनेमाचं म्हणणं आपल्याच गावच्या पारावरचं वाटायला लागतं. कसं, ते पाहू.

सिनेमात होतं काय?

साल १९२५. मेक्सिकोतलं टँपिको शहर. डॉब्स आणि कर्टिन हे दोन कफल्लक अमेरिकन काम शोधत फिरतायत. एक कंत्राटदार त्यांच्याकडून राबवून घेतो आणि मजुरी बुडवतो. अशात त्यांना हॉवर्ड नावाचा म्हातारा भेटतो. आयुष्यभर सोनं शोधत फिरलेला हा माणूस, पण स्वतः कंगालच. डॉब्सला लॉटरीचे थोडे पैसे लागतात आणि तिघं मिळून सिएरा माद्रेच्या डोंगरात सोनं शोधायला निघतात.

इथे सिनेमाची खरी गंमत आहे. सोनं सापडतं. अगदी भरपूर सापडतं. बिघडायला सुरुवात होते ती त्यानंतर.

आधी तिघं रोजच्या रोज वाटणी करतात. मग प्रत्येक जण आपला वाटा लपवून ठेवायला लागतो. रात्री कोणी उठलं तरी दुसऱ्याला वाटतं, हा माझ्या पिशव्या शोधतोय. हम्फ्री बोगार्टने केलेला डॉब्स सुरुवातीला साधा, गरजू माणूस वाटतो. शेवटी तोच आपल्या जोडीदारावर गोळी झाडतो आणि सगळं सोनं घेऊन पळतो. वाटेत पाणवठ्याजवळ लुटारू त्याला गाठतात आणि मारतात. लुटारूंना गाढवं हवी असतात, कातडी हवी असतात. पिशव्या उघडून पाहिल्यावर त्यांना आत नुसती वाळू दिसते. ते ती फेकून देतात. एवढ्या खटाटोपाने काढलेलं सोनं वाऱ्यावर उडून जिथून आलं त्या डोंगराकडे परत जातं.

गोळी लागूनही कर्टिन वाचतो. तो आणि हॉवर्ड तिथे पोहोचतात, तेव्हा रिकाम्या पिशव्या उरलेल्या असतात. म्हातारा आधी हसत सुटतो, आणि मग कर्टिनही.

बी. ट्रॅव्हन या लेखकाच्या १९२७ मध्ये जर्मन भाषेत प्रसिद्ध झालेल्या कादंबरीवर हा सिनेमा बेतलेला आहे. जॉन ह्यूस्टनला त्यासाठी दिग्दर्शन आणि पटकथा असे दोन ऑस्कर मिळाले. म्हाताऱ्या हॉवर्डच्या भूमिकेसाठी त्याचे वडील वॉल्टर ह्यूस्टन यांनाही सहायक अभिनेत्याचा ऑस्कर मिळाला. एकाच सिनेमासाठी बाप-लेक दोघांना ऑस्कर, ही त्या काळची मोठी बातमी होती.

सुरुवातीलाच हॉवर्ड एक हिशोब मांडतो. सोनं इतकं महाग का? तर त्याच्या शोधात हजार माणसं राबतात आणि त्यातल्या एखाद्यालाच ते मिळतं. बाकीच्यांची फुकट गेलेली मेहनतसुद्धा त्या एकाच्या सोन्याच्या भावात धरलेली असते.

हा हिशोब लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

म्हैसाळमध्ये काय घडलं?

म्हैसाळ हे मिरज तालुक्यातलं, कर्नाटकच्या सीमेला लागून असलेलं गाव. इथूनच कृष्णेचं पाणी उचलून दुष्काळी भागाकडे नेणारी म्हैसाळ उपसा सिंचन योजना सुरू होते. २० जून २०२२ ला हे गाव अचानक देशभरच्या बातम्यांमध्ये आलं. दोन भावांच्या दोन घरांत मिळून नऊ जण मृतावस्थेत सापडले. म्हाताऱ्या आईपासून तरुण मुलांपर्यंत तीन पिढ्या एकाच वेळी संपल्या.

घरात चिठ्ठ्या सापडल्या. त्यात पैसे दिलेल्या लोकांची नावं होती. त्यामुळे सावकारीच्या जाचातून सामूहिक आत्महत्या, अशीच सुरुवातीला सगळीकडे चर्चा झाली. पोलिसांनी २५ जणांवर गुन्हा दाखल केला आणि अटकसत्र सुरू झालं.

पण आठवडाभरातच तपासाने वळण घेतलं. सोलापूरच्या एका मांत्रिकाला आणि त्याच्या साथीदाराला पोलिसांनी अटक केली. पोलिसांच्या म्हणण्यानुसार, गुप्तधन मिळवून देतो असं सांगून या मांत्रिकाने कुटुंबाकडून मोठी रक्कम घेतली होती. कुटुंबाने त्यासाठी लोकांकडून कर्ज काढलं होतं. धन काही निघालं नाही. कुटुंबाने पैसे परत मागायला सुरुवात केली, तेव्हा विषारी पदार्थ देऊन नऊ जणांना मारण्यात आलं, असा पोलिसांचा आरोप आहे. गुन्हा आत्महत्येचा न राहता खुनाचा झाला.

या प्रकरणातली एक गोष्ट अनेकांना पचली नाही. हे कुटुंब अडाणी नव्हतं. शिकलेलं होतं, नोकरी-व्यवसाय असलेलं होतं, गावात मान असलेलं होतं. ‘एवढे शिकलेले लोक फसले कसे?’ हा प्रश्न त्या आठवड्यात प्रत्येक व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरत होता.

त्याचं उत्तर शोधायचं तर आधी गुप्तधनाच्या गोष्टी येतात कुठून, हे बघावं लागतं.

गुप्तधनाच्या गोष्टी पूर्ण खोट्या नाहीत, अडचण तिथेच आहे

बँका नव्हत्या तेव्हा लोक पैसा कुठे ठेवायचे? जमिनीत. हंड्यात, घागरीत, भिंतीच्या पोकळीत, चुलीखाली. लढाया, लूट आणि दुष्काळ यांच्या काळात घर सोडून जायची वेळ आली की माणूस नाणी पुरून जायचा. कधी तो परत यायचा, कधी नाही.

सातारा म्हणजे तर छत्रपती शाहू महाराजांची राजधानी. १७०८ मध्ये त्यांचा इथे राज्याभिषेक झाला आणि पुढची एकशेचाळीस वर्षं मराठी राज्याचं हे मोठं केंद्र राहिलं. १८४८ मध्ये डलहौसीने हे राज्य खालसा केलं. सांगली, मिरज, तासगाव ही पटवर्धनांच्या कारभाराची गावं. किल्ले, वाडे, गढ्या, जुने बुरूज दोन्ही जिल्ह्यांत पावलापावलाला आहेत. त्यामुळे ‘आमच्या वाड्याखाली सात रांजण आहेत’ अशी कथा नसलेलं गाव विरळाच.

जुनी नाणी अधूनमधून खरोखर सापडतातही. २०२१ मध्ये पिंपरी-चिंचवडमधल्या चिखली भागात बांधकामाच्या खोदकामात निघालेली २१६ सोन्याची नाणी पोलिसांनी जप्त केली होती. त्यांचं वजन दोन किलोहून जास्त होतं.

म्हणजे जमिनीत धन असू शकतं, हे खरं. पण ते नांगराच्या फाळाला लागतं, जेसीबीच्या बकेटमध्ये येतं, पाया खणताना दिसतं. मंत्र म्हटल्यामुळे, अमावास्येला पूजा घातल्यामुळे किंवा कोणाचा बळी दिल्यामुळे ते वर आल्याचा एकही पुरावा नाही.

या खऱ्या आणि खोट्याच्या मधल्या जागेत सगळा धंदा चालतो. पायाळू माणसाला जमिनीखालचं दिसतं, धनावर नाग राखण करतो, मांडूळ साप धनापर्यंत नेतो, या समजुती आपण लहानपणापासून ऐकलेल्या असतात. बिचारं मांडूळ उंदीर खाऊन जगणारा बिनविषारी साप आहे. वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण आहे, तरीही या एका समजुतीपायी त्याची तस्करी होते. ‘राइस पुलर’ म्हणजे तांदूळ ओढून घेणारं चमत्कारी भांडं विकण्याचा धंदाही याच जातीचा.

या लोककथांचं आकर्षण किती आहे, हे ‘तुंबाड’ने दाखवलं. राही अनिल बर्वे दिग्दर्शित हा सिनेमा २०१८ मध्ये आला तेव्हा थिएटरात फार चालला नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये तो पुन्हा प्रदर्शित झाला, तेव्हा लोकांनी गर्दी केली. वाडा, पाऊस, पुरलेलं सोनं आणि ते काढायला पिढ्यान्‌पिढ्या खाली उतरणारा माणूस ही गोष्ट आपल्याला कोणी समजावून सांगावी लागत नाही.

शिकलेला माणूस अडकतो कसा?

गुप्तधनाच्या फसवणुकीची रीत बहुतेक ठिकाणी सारखीच असते.

पहिली पायरी म्हणजे ओळख. मांत्रिक थेट दारात येत नाही. कुणाच्या तरी मध्यस्थीने येतो, ‘त्यांना गुण आला’ असं सांगणारा कोणीतरी बरोबर असतो. आधी एखादी छोटी अडचण सोडवल्याचा देखावा होतो. मग घरातल्या धनाची गोष्ट निघते.

दुसरी पायरी म्हणजे गुप्तता. ‘कोणाला सांगितलंत तर धन सरकेल.’ हे एक वाक्य फार मोठं काम करतं. ज्यांनी शहाणपणाची चार वाक्यं सुनावली असती असे मित्र, पाहुणे, शेजारी सगळे बाहेर राहतात. घर एकटं पडतं.

तिसरी पायरी म्हणजे हप्ते. एकदम दहा लाख कोणी मागत नाही. आधी पूजेचं साहित्य, मग होम, मग ‘राखणदार शांत करायला’ आणखी काही. प्रत्येक वेळी धन अगदी हाताशी आलेलं असतं आणि शेवटची एकच अडचण उरलेली असते.

चौथी पायरी सगळ्यात घातक. आत्तापर्यंत गेलेला पैसा. समजा, एखाद्याचे पाच लाख गेले. इथे थांबलं तर पाच लाख बुडाले हे कबूल करावं लागतं. आणखी एक लाख घातला तर कदाचित सगळंच वसूल होईल, असं वाटतं. मग दागिने मोडतात, जमीन गहाण पडते, सावकार येतो. इथे पदवी फार उपयोगाची ठरत नाही. उलट शिकलेल्या माणसाला ‘आपण फसलो’ हे चारचौघांत सांगायला जास्त जड जातं. शेअर मार्केटच्या बोगस ॲपमध्ये किंवा दामदुपटीच्या स्कीममध्ये पैसे घालणारा माणूसही याच पायऱ्यांनी खाली उतरतो.

सिनेमातला डॉब्स सोनं हातात आल्यावर बिघडला. गुप्तधनाच्या नादात तर सोनं दिसायच्या आधीच घर पोखरलं जातं. संशय, गुप्तता, माणसं तोडणं हे सगळं सिनेमातल्यासारखंच होतं, फक्त पिशव्या पहिल्यापासून रिकाम्या असतात.

समजा, खरंच सापडलं. मग ते कोणाचं?

‘माझ्या शेतात सापडलं, म्हणजे माझंच’ असं अनेकांना वाटतं. कायदा एवढा सोपा नाही.

यासाठी देशात १८७८ चा कायदा आहे. ‘इंडियन ट्रेझर ट्रोव्ह ॲक्ट’. जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून जास्त किमतीची कोणतीही वस्तू सापडली तर ती जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावी लागते. काय सापडलं, किती, कुठे आणि कोणत्या तारखेला, हे सगळं त्यात लिहायचं. सापडलेला ऐवज सरकारी कोषागारात जमा करायचा किंवा तो हजर करण्याची हमी द्यायची.

त्यानंतर जिल्हाधिकारी जाहीर नोटीस काढतात आणि हक्क सांगणाऱ्यांना बोलावतात. ही सुनावणी नोटिशीनंतर चार ते सहा महिन्यांच्या आत ठेवायची असते. गेल्या शंभर वर्षांत हे धन आपल्या पूर्वजाने पुरलं होतं, असं कोणी सिद्ध करू शकलं तर गोष्ट वेगळी. नाहीतर ते बेवारस जाहीर होतं. मग वाटणी होते. सापडलेली जमीन दुसऱ्याची असेल आणि दोघांत वेगळा करार नसेल, तर साधारण तीन चतुर्थांश शोधणाऱ्याला आणि एक चतुर्थांश जमीनमालकाला. ऐवज इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाचा वाटला तर सरकार तो स्वतःकडे घेऊ शकतं. तेव्हा त्यातल्या धातूची किंमत आणि वर तिचा एक पंचमांश भाग मोबदला म्हणून मिळतो.

म्हणजे कळवलं तर शोधणाऱ्याला कायदेशीर वाटा मिळण्याची सोय आहे. लपवलं तर तो वाटा सरकारजमा होतो आणि एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. संरक्षित किल्ल्यावर किंवा स्मारकात जाऊन खणणं हा तर स्वतंत्र गुन्हा आहे.

आणि ‘धन काढून देतो’ म्हणणाऱ्याचं काय?

इथे साताऱ्याचा संबंध येतो. डॉ. नरेंद्र दाभोलकर मूळचे साताऱ्याचे. डॉक्टर आणि कबड्डीचे नावाजलेले खेळाडू. १९८९ मध्ये त्यांनी महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती सुरू केली आणि जादूटोण्याच्या नावाखाली होणाऱ्या फसवणुकीविरुद्ध कायदा व्हावा म्हणून वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांचा खून झाला. त्यानंतर चारच दिवसांत राज्य सरकारने अध्यादेश काढला आणि डिसेंबर २०१३ मध्ये विधिमंडळात कायदा मंजूर झाला.

लोक त्याला जादूटोणाविरोधी कायदा म्हणतात. यातल्या अनुसूचीत गुन्हा ठरणारी कृत्यं एकेक करून दिलेली आहेत. मौल्यवान वस्तू, गुप्तधन किंवा पाण्याचा शोध घेण्याच्या नावाखाली अघोरी कृत्य करणं हे त्यात स्पष्ट शब्दांत आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद आणि पाच हजार ते पन्नास हजार रुपये दंड. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. म्हणजे तक्रार आल्यावर पोलीस न्यायालयाच्या परवानगीची वाट न पाहता कारवाई करू शकतात.

पण कायदा कामाला लागतो तो कोणीतरी तोंड उघडल्यावर. ‘कोणाला सांगू नका’ या अटीने नेमकं तेच तोंड बंद केलेलं असतं.

मग सोनं सापडलं तरी कोणाला?

आता दुसरी बाजू.

एकाच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि पूर्वेकडच्या माण तालुक्यात पाचशे मिलिमीटरच्या आसपास. सह्याद्रीने ढग अडवल्यावर पलीकडे उरतं ते हे पर्जन्यछायेतलं माळरान. साताऱ्यातले माण-खटाव आणि सांगलीतले आटपाडी, खानापूर, कवठेमहांकाळ, तासगावचा पूर्व भाग सगळे याच पट्ट्यात. व्यंकटेश माडगूळकरांनी ‘बनगरवाडी’त रंगवलेला माणदेश तो हाच. टेंभू योजनेतून कृष्णेचं पाणी यायला लागलं ते अलीकडे. त्याआधी ज्वारी-बाजरी, मेंढरं आणि पावसाची वाट.

शेती पिकत नाही म्हटल्यावर इथली माणसं बाहेर पडली. काही मुंबईच्या गिरणीत गेली, काही सैन्यात. आणि काहींनी एक वेगळाच धंदा उचलला, तो म्हणजे गलाई.

गलाई म्हणजे सोनं-चांदी वितळवून शुद्ध करणं. विटा आणि आसपासच्या गावांतला एखादा माणूस परराज्यात सराफ पेठेत जम बसवायचा. मग तो भावाला, भाच्याला, गावातल्या पोरांना बोलवून घ्यायचा. पोरगं आधी भट्टीपाशी बसून काम शिकायचं, काही वर्षांनी दुसऱ्या शहरात स्वतःचं दुकान टाकायचं. असं करत करत केरळ, तमिळनाडूपासून दिल्ली, पंजाब, बंगालपर्यंत आणि नेपाळातही ही माणसं पोहोचली. आज देशातल्या कितीतरी सराफ बाजारांत मागच्या गल्लीतल्या भट्टीजवळ सांगली-साताऱ्याच्या बोलीतली मराठी ऐकू येते.

भट्टीत नेमकं काय चालतं?

तुम्ही जुनी बांगडी मोडायला सराफाकडे दिलीत. ती शुद्ध सोन्याची नसते. २२ कॅरेट म्हणजे ९१.६ टक्के सोनं, बाकी तांबं, चांदी. दागिन्यावर ‘९१६’ असा शिक्का असतो तो यामुळेच. त्यातलं शुद्ध सोनं वेगळं काढायचं काम गलाईवाल्याचं.

आधी वजन होतं. कसोटीच्या दगडावर रेघ ओढून कस बघितला जातो. मग मुशीत टाकणखार घालून दागिना वितळवतात. पुढची पायरी ऐकायला उलटी वाटते. शुद्ध करायच्या सोन्यात मुद्दाम आणखी चांदी मिसळतात. साधारण एक भाग सोनं आणि तीन भाग चांदी. कारण सोन्याचं प्रमाण जास्त राहिलं तर ॲसिड आतपर्यंत पोहोचत नाही.

या मिश्रणाचे बारीक तुकडे किंवा पातळ पट्ट्या करून नायट्रिक ॲसिडमध्ये तापवतात. चांदी आणि तांबं ॲसिडमध्ये विरघळतं. सोनं विरघळत नाही, ते तळाशी उरतं.

तळाशी उरलेलं हे शुद्ध सोनं अजिबात चमकत नाही. ते तपकिरी, मातकट भुकटीसारखं दिसतं. धुऊन पुन्हा वितळवल्यावरच त्याला पिवळा रंग येतो. ॲसिडमधली चांदी तांब्याच्या साहाय्याने परत मिळवतात, त्यामुळे तीही वाया जात नाही.

सिनेमातल्या लुटारूंनी पिशवीत मातकट भुकटी पाहिली आणि वाळू समजून फेकून दिली. गलाईवाल्याच्या रोजच्या कामात हीच भुकटी ओळखणं आणि जपणं येतं. सोनाराच्या दुकानातला केरही विकला जातो, कारण घासताना, कापताना उडालेले सोन्याचे कण त्यात असतात. हा केर जाळून, धुऊन, गाळून सोनं काढणाऱ्यांना मराठीत जुना शब्द आहे, झारेकरी.

जमिनीत पुरलेला हंडा नाही, मंत्र नाही. मातीतून सोनं निघतं ते असं.

हा मार्गही सोपा नाही

गलाईच्या पैशातून दुष्काळी गावांत बंगले उभे राहिले, देवळांचे जीर्णोद्धार झाले, शाळांना देणग्या मिळाल्या. यात्रेला गावात वेगवेगळ्या राज्यांच्या नंबरप्लेटच्या गाड्या उभ्या दिसतात. पण ही सुखाची गोष्ट म्हणून सांगायची तर बरंच झाकावं लागेल.

ॲसिडमधून निघणारा तांबूस धूर म्हणजे नायट्रोजन डायऑक्साइड. कोंदट खोलीत, धूर बाहेर जायची नीट सोय नसताना वर्षानुवर्षं हे काम केलं की फुप्फुसांवर परिणाम होतो. घर एका राज्यात आणि भट्टी दुसऱ्या राज्यात, त्यामुळे बायकामुलं, म्हातारे आईबाप आणि शेती गावाकडे.

दुसरी भीती चोरीच्या सोन्याची. वितळलेल्या सोन्यावर मालकाचं नाव नसतं. चोराने विकलेला दागिना भट्टीत आला, तर गलाईवाल्यावर चोरीचा माल घेतल्याचा गुन्हा लागू शकतो. आधी भारतीय दंड संहितेचं कलम ४११ होतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ३१७ आहे. चोरीचा माल आहे हे माहीत असून किंवा तसं मानायला कारण असून घेतला, तरच गुन्हा होतो आणि शिक्षा तीन वर्षांपर्यंत आहे. पण आपल्याला माहीत नव्हतं हे परक्या राज्यात, परक्या भाषेत पटवून देणं अवघड. निष्कारण चौकशीच्या फेऱ्यात अडकवलं जातं, ही या धंद्यातल्या लोकांची जुनी तक्रार आहे.

आणि सगळ्यात मोठी जोखीम विश्वासाची. गलाईवाल्याच्या हातून दिवसभर सोनं जातं, पण त्यातलं बहुतेक दुसऱ्याचं असतं. त्याची कमाई मजुरीची. एकदा वजनात खोट निघाली की बाजारात नाव जातं, आणि त्याच्यामागे त्याच्या गावाच्या बाकी पोरांचंही. डॉब्सला तीन माणसांत जे जमलं नाही, ते या माणसांना रोज अनोळखी बाजारात करावं लागतं. समोर सोनं असताना हात स्थिर ठेवायचा.

म्हाताऱ्याचा हिशोब

आता हॉवर्डच्या हिशोबाकडे परत येऊ. सोन्याची किंमत म्हणजे ते मिळवताना गेलेली मेहनत, यशस्वी आणि फुकट गेलेली दोन्ही. गलाईवाल्याने हा हिशोब स्वतःच्या अंगावर घेतला. धूर, परगाव, पोलिसांची भीती हे सगळं मोजून त्याने मजुरी कमावली. गुप्तधनवाला नेमकं सांगतो की या हिशोबातून तुम्हाला सूट आहे. मेहनत तुमच्या पूर्वजाने केली, राखण नाग करतोय, तुम्ही फक्त पूजेचा खर्च करा.

दुष्काळ, कर्ज, मुलीचं लग्न, पोराच्या शिक्षणाची फी यांनी पिचलेल्या घराला ही सूट फार गोड वाटते. त्यामुळे अशा घराला हसून काही होत नाही. हसण्याच्या भीतीनेच माणसं गप्प बसतात, आणि गप्प बसली की पुढचा हप्ता जातो.

तुमच्या ओळखीत कोणी अचानक दागिने मोडत असेल, कशासाठी ते सांगत नसेल, रात्री-अपरात्री पूजा चालू असतील आणि ‘लवकरच सगळं फिटेल’ असं बोलत असेल, तर सरळ विचारा. गेलेले पैसे गेले असं धरून आत्ता थांबता येतं, हे त्यांना सांगा. जवळच्या पोलीस ठाण्यात तक्रार करता येते. अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्तेही मदत करतात.

म्हैसाळच्या त्या दोन घरांपर्यंत असा एखादा प्रश्न वेळेत पोहोचला असता, तर काय झालं असतं, हे आता कोणालाच सांगता येणार नाही. पुढच्या घरापर्यंत मात्र तो पोहोचवता येतो.